मणक्यातली चोरवाट

द्राक्षांच्या हंगामात नाशिक जिल्ह्यात भरलेले क्रेट दिवसभर उचलले जातात. अशातच एखाद्याच्या कमरेत चमक भरते, कळ पार पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते आणि एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली दिसते.

सायटिकाचं मूळ अशा फाटलेल्या गादीत असू शकतं, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४मध्ये दाखवून दिलं. तेव्हा पाठ उघडून, हाड कापूनच आत जावं लागे. पुढे फिलाडेल्फियाच्या परविझ कांबिन यांनी कुशीकडून जाणारी वाट शोधली. एका बाजूला मणक्यातून बाहेर पडणारी नस, खाली खालच्या मणक्याचा माथा, आतल्या अंगाला सांध्याचं हाड. मधे उरतो छोटासा त्रिकोण. त्यातून सात-आठ मिलिमीटरची नळी शिरते, नळीतून दुर्बीण आणि इवलासा चिमटा. आता नाशिकमध्येही दुर्बिणीतून गादीची शस्त्रक्रिया होते. या वाटेनं ती पुष्कळदा फक्त जागा बधिर करून करतात. पालथा झोपलेला रुग्ण जागा असतो. नळी नसेला टेकली, तर तोच ओरडून सांगतो. यापेक्षा चोख पहारेकरी कोणतं यंत्र देणार?

माझा जीव मात्र पपईत अडकलाय. १९५६मध्ये लुईस थॉमस यांनी पपईच्या चिकातलं पपेन सशांना टोचलं, तर त्यांचे ताठ कान लोळले! कानातल्या कूर्चेचा ताठपणाच त्यानं विरघळवला होता. काही दिवसांनी कान पुन्हा उभे. गादीचा गरही कूर्चेच्याच जातकुळीतला, हे हेरून लायमन स्मिथ यांनी त्याच चिकातलं कायमोपपेन माणसाच्या गादीत टोचलं. १९६४मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसत्या सुईनं काम भागत होतं. पण मोजक्या रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली, काहींचे पाय लुळे पडले, आणि औषध मागे पडलं.

खरी कमाल पुढेच आहे. गादीच्या गरात रक्तवाहिन्या नसतात. रक्तातल्या पेशींची आणि त्याची गाठच पडत नाही. तो फुटून बाहेर आला की त्याला परका समजून भक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि हळूहळू फस्त करतात. एमआरआयवर धडकी भरवणारा, पार सुटून पडलेला मोठा तुकडा तर छोट्या फुगवट्यापेक्षा नाहीसा होण्याची शक्यता जास्त! म्हणूनच लघवी अडणं किंवा पाऊल लुळं पडणं अशी धोक्याची खूण नसेल, तर डॉक्टर बहुधा आधी सहा आठवडे थांबायला सांगतात.