सुट्टीवर आलेल्या जवानाची कंबर का धरते?

बेळगाव : मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज भागात फौजी घरं पुष्कळ. सीमेवरून आलेला जवान कंबर धरून बसला की घरचे म्हणतात, 'झोप जरा.'

हे दुखणं एका दिवसाचं नसतं. बुलेटप्रूफ जाकीट, पाठीवरचा पिट्टू, डोंगरातली गस्त, ट्रकमधले हादरे. मणक्यांमधल्या चकत्यांवर सतत दाब. त्यात सुट्टीत शेतीची कामं असतातच! नुसतं झोपून राहिलं तर स्नायू आणखी आखडतात, थोडं थोडं चालणं बरं. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

खरी अडचण कागदाची. मेडिकल कॅटेगरी घसरेल, प्रमोशन अडेल, म्हणून बरेचजण गोळी खाऊन गप्प बसतात. पुढे अपंगत्व पेन्शनसाठी दुखणं नोकरीमुळे झालं किंवा वाढलं आणि अपंगत्व किमान २० टक्के आहे, हे ठरावं लागतं. युनिटच्या एमआय रूममध्ये नोंदच नसेल तर मेडिकल बोर्डापुढे दाखवायचं काय? निवृत्तीनंतर ईसीएचएस कार्डावर उपचार मिळतात, पण नोकरीतली राहिलेली नोंद तिथं होत नाही.