सांगायचं कुणी?

रविवारची दुपार असते. जोहरची नमाज झालेली, जेवण झालेलं, डोळा लागतो न लागतो तोच दारावरची बेल वाजते. एकदा नाही, बटणावरून बोट काढायचं राहून गेल्यासारखी. आम्ही आतूनच विचारतो, "कौन?" बाहेरून उत्तर येतं, "मैं!"

आता हा 'मैं' कोण? दूधवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरचा मुलगा की जालन्याहून फोन न करता आलेले साडू? जगात प्रत्येक माणूस 'मैं'च असतो. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, आपला आवाज म्हणजेच आपलं आधार कार्ड.

हे दुखणं आजचं नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांचा किस्सा आहे. वडिलांच्या कर्जाच्या कामासाठी ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दारी गेले आणि त्यांनी दार वाजवलं. आतून विचारणा झाली, कोण? ते म्हणाले, मी. त्यावर प्रेषितांनी (स.) तेच 'मी, मी' असं म्हणून दाखवलं, आणि त्यांना ते आवडलं नसल्याचं जाबिर (रजि.) यांच्या लक्षात आलं. चौदाशे वर्षं झाली, आमची गल्ली अजून तिथेच आहे.

लग्नसराईत तर अशा तक्रारींचं पोतं भरतं. कार्डावर छापलेलं असतं 'बाद नमाज-ए-इशा'. खोटं कसं म्हणणार? रात्रीचे साडेअकरा हेही इशानंतरचेच. नवरदेवाची वरात रस्ता अडवून उभी, आत काझीसाहेब घड्याळ बघतायत, आणि सकाळी सातची शाळा असलेले आमच्यासारखे लोक खुर्चीतच पेंगतायत. मग जेवण वाढायला सुरुवात होते. नान-खलिया म्हटल्यावर आमच्या शहरातला माणूस थोडा हळवा होतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण एकाच ताटातून चौघं खात असताना एकाचा हात सारखा बोटीकडेच जावा, आणि बाकी तिघांनी रश्शात नान बुडवून शुक्र अदा करावा, हे काही बरं नव्हे. सोबत खाणाऱ्यांना विचारल्याशिवाय दोन-दोन खजुरा एकदम उचलू नयेत, इतकी बारीक ताकीद हदीसमध्ये आली आहे. बोटीचं वेगळं सांगायला नको. जेवण आटोपता आटोपता एखाद्या पर्समधून प्लास्टिकची पिशवी निघते ती वेगळीच.

मोबाइलचं तर विचारूच नका. जुम्याला पहाटेपासून 'जुम्मा मुबारक'ची दीडशे चित्रं येतात. पाठवणाऱ्यांतले निम्मे खुतबा सुरू झाल्यावर मस्जिदीत येतात आणि आधीपासून बसलेल्यांच्या खांद्यांवरून टांगा टाकत पहिल्या सफेकडे निघतात. असाच लोकांना ओलांडत येणारा एक माणूस पाहून प्रेषितांनी (स.) खुतबा देता देताच त्याला खाली बसायला सांगितलं होतं, कारण लोकांना त्याचा त्रास होत होता. आज असं कुणी कुणाला सांगत नाही. आपण गुडघे आवळून घेतो, नमाज उरकतो आणि बाहेर चपला शोधता शोधता शेजारच्याला म्हणतो, "देखे क्या उस को?"

अडचण आहे ती या शेवटच्या वाक्यात. वर लिहिलेल्या सगळ्या तक्रारी आम्ही आजवर पुष्कळांना ऐकवल्या. स्टाफरूममध्ये ऐकवल्या, सासुरवाडीला ऐकवल्या, चहाच्या टपरीवर तर रोजच. ऐकवल्या नाहीत फक्त ज्याने त्रास दिला त्याला. पाठीमागे भावाबद्दल असं काही बोलणं, जे ऐकून त्याला वाईट वाटेल, याला गीबत म्हणतात. आणि ती गोष्ट खरी असली तरच ती गीबत, खोटी असेल तर तो बोहतान, म्हणजे आरोप. आम्ही वर्गात मुलांना ही व्याख्या फळ्यावर लिहून देतो. घंटा झाली की स्टाफरूममध्ये जाऊन तिची उदाहरणं देतो.

तोंडावर सांगणं सोपं नसतं, हेही खरं. सूरह अहजाबमध्ये एक आयत आहे. हजरत जैनब (रजि.) यांच्या वलीम्याला लोक आले, जेवले आणि उठून गेले. दोन-तीन जण मात्र गप्पा मारत बसूनच राहिले. घर ते केवढं! प्रेषित (स.) स्वतः उठून बाहेर गेले, फिरून आले, तरी मंडळी जागची हलेनात. पण पाहुण्यांना 'आता निघा' म्हणायचा त्यांना संकोच वाटला. तेव्हा आयत उतरली. जेवण झाल्यावर पांगावं, गप्पांत रमून बसू नये, या गोष्टीचा पैगंबरांना त्रास होतो पण ते संकोचाने बोलत नाहीत, आणि खरी गोष्ट सांगण्यात अल्लाहला संकोच नाही, असा तिचा आशय. ही आयत वाचली की आम्हाला दर वेळी दोन गोष्टी वाटतात. एक, पाहुणा बसूनच राहणं ही बाब इतकीही क्षुल्लक नाही. दुसरी, ज्यांच्याबद्दल आपण कुढतो त्यांना कुणीतरी सांगायला हवं असतं. आपल्यासाठी आता आयत उतरणार नाही. आपल्यालाच तोंड उघडावं लागेल.

आम्ही ते उघडलं नाही. मग एक दिवस आमच्या मुलीने उघडलं.

आमच्या शहरात, म्हणजे औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पाण्याची काय अवस्था आहे हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पैठणला जायकवाडी धरण आहे. तिथून पन्नासेक किलोमीटर पाणी आणायचं आणि शहराला पाजायचं. ते गल्लीत पोचतं कधी पाच-सहा दिवसांनी, कधी आठ-दहा. डिसेंबर 2020 मध्ये 1680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तेव्हा आम्ही घरात हौद मोठा करायचा बेत रद्द केला होता. पुढे तो केलाच. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी नहरीने, नुसत्या उताराच्या जोरावर गावात खेळवलं. ती नहर आम्ही शाळेच्या सहलीत मुलांना दाखवतो. मुलं विचारतात, "सर, तेव्हा मोटार नव्हती?" नव्हती बाळांनो. म्हणून शेजाऱ्याचं पाणी ओढायचीही सोय नव्हती.

कारण आमच्या गल्लीतलं सगळं राजकारण मोटारीचंच आहे. नळ येतो तो बहुधा रात्री, कधी दोन वाजता, कधी तीन. बायका-पुरुष पेंगत हौदाशी उभे. आमच्या नळाला बोटाएवढी धार असते, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे घुर्रर्र आवाज होतो. शेजारच्या भाईंनी नळाला मोटार लावली. आमची धार आधी सुतळीएवढी होते, मग दोऱ्याएवढी, मग नळातून नुसती हवा सुटते. नळाला थेट मोटार लावणं महापालिकेच्या नियमात बसत नाही, पथक येऊन मोटार जप्त करून नेतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पथक रात्री तीनला येत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

दोन वर्षं आम्ही याबद्दल बोललो. फजरनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर बोललो, दस्तरखानावर बोललो. शेजाऱ्याच्या हक्कांवर शाळेत एक सुंदर तकरीरही केली. भाई रोज भेटत. सलाम करत, आम्ही जवाब देत असू. घरात मात्र त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'मोटारवाले' म्हटलं की पुरे.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारला दहा मिनिटं असताना बेल वाजली. आमची सात वर्षांची मुलगी दाराकडे धावली. बाहेरून भाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. ते नेहमीच सांगत. वरच्या 'मैं'वाल्यांत त्यांची गणती कधीच नव्हती, हे इथे कबूल करायला हवं. मुलीने दार उघडलं आणि आत तोंड करून मोठ्याने ओरडली, "अब्बा, मोटारवाले चाचा आए!"

भाईंच्या हातात झाकलेली प्लेट होती. भजी, खजुरा आणि टरबुजाच्या फोडी. आम्ही पुढे झालो तेव्हा ते प्लेट धरून तसेच उभे होते. "मोटारवाले?" एवढंच म्हणाले. एकमेकांना नावं ठेवू नका, वाईट टोपणनावांनी हाक मारू नका, ही सूरह हुजुरातमधली ताकीद आम्ही त्याच मुलीला त्याच महिन्यात शिकवली होती. ती बिचारी आमच्या तोंडाकडे बघत होती. ते तिने ठेवलेलं नाव नव्हतंच, ते आमचं होतं.

अजान झाली. आम्ही त्यांना आग्रहाने आत बसवलं, एकाच दस्तरखानावर रोजा सोडला. खजूर घशाखाली उतरेना. शेवटी आम्हीच विषय काढला. दोन वर्षांत पाठ झालेलं सगळं भाषण चार वाक्यांत संपलं. आपली मोटार सुरू झाली की आमचा नळ बंद पडतो, इतकंच ते होतं.

भाई म्हणाले, "सर, हमकू मालूमच नहीं था. बोलते तो मैं नक्को बोलता क्या?" त्यांची अम्मी वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. टाकी गच्चीवर, मोटारीशिवाय पाणी चढत नाही. धुणं-पुसणं रोजचं, तेही दोनदा-तीनदा. त्यांना वाटत होतं, गल्लीत सगळ्यांच्याच मोटारी असतील.

आम्ही सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात ते खाली बघत म्हणाले, "एक बात मैं भी बोलूं? बुरा तो नहीं मानते?"

आमच्या घरी मगरिबनंतर मोहल्ल्यातली पंधरा-वीस मुलं कुरआन शिकायला येतात. आमची बेगम शिकवते, फी घेत नाही. या गोष्टीचा आम्हाला थोडा अभिमानच होता. त्या मुलांच्या सायकली आणि त्यांना सोडायला येणाऱ्या वडिलांच्या मोटारसायकली लागतात भाईंच्या फाटकासमोर. एका संध्याकाळी अम्मीचा श्वास कोंडला. घाटीत न्यायचं होतं. रिक्षा आत येईना. भाई आणि त्यांचा मुलगा अम्मीला खुर्चीत बसवून, सायकली बाजूला करत करत गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन गेले. त्या वेळी आमच्या घरातून मुलांच्या तिलावतचा आवाज येत होता.

"आप उस्ताद लोग हैं, बच्चे कुरआन पढ़ते. क्या बोलना?" एवढं बोलून ते पाणी प्यायले.

बेगम आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. त्या रात्री ती जेवली नाही. एतेकाफच्या वेळी मस्जिदीत काही लोक मोठ्याने कुरआन पढत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) पडदा बाजूला करून त्यांना एकमेकांना त्रास न देण्याची, आवाजावर आवाज न चढवण्याची समज दिली होती. अबू दाऊदमधली ही हदीस तिला माहीत होती, आम्हालाही. पण तिचा संबंध सायकलींशी असेल हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. लोकांचे हक्क लोकांनीच माफ करायचे असतात, तिथे नुसत्या तौबेने भागत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती स्वतः अम्मींकडे गेली. अम्मींनी तिचा हात धरून ठेवला आणि मुलांना यासीन शरीफ जरा मोठ्याने पढायला सांग, वर नीट ऐकू येत नाही, असं म्हणाल्या. आता यावर काय बोलावं!

सायकली आता मस्जिदीच्या मागच्या मोकळ्या जागेत लागतात, तिथल्या जबाबदारांना विचारून. वडील मंडळी अजून विसरतात, मग बेगम खिडकीतून आवाज देते. नळ आला की भाई पहिला अर्धा तास मोटार लावत नाहीत. अर्ध्या तासात आमचा हौद निम्मा भरतो, निम्मा राहतो. मोटार नियमाबाहेर आहे ती आहेच, आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या खालांच्या नळाचं काय होतं, हे आम्ही दोघांनीही अजून विचारलेलं नाही. खालाही सलाम करतात, पण जरा तुटक. त्यांच्या घरात आम्हा दोघांना काय म्हणतात कोण जाणे.

हा लेख लिहायला घेतला त्या रविवारी दुपारी बेल वाजली. बटणावरून बोट काढायचं राहून गेल्यासारखी. "कौन?" आम्ही विचारलं. "मैं!" जालन्याचे साडू होते. आम्ही मनाशी वाक्य जुळवलं, 'भाईजान, येण्याआधी एक फोन करत जा,' आणि दार उघडलं. त्यांनी आमच्या मुलीला जवळ घेतलं, पिशवीतून मोसंब्या काढल्या आणि बसले. असर झाली, मगरिब झाली. वाक्य अजून आमच्या तोंडातच आहे.