घरातलं पाणी (भाग ९) : रविवारी गळणारा गिझर

गेल्या आठवड्यात फ्लशच्या टाकीतली गळती पाहिली. ती दिवसरात्र चालते, त्यामुळे उशिरा का होईना, सापडते. आजची गळती ठरावीक वेळीच येते आणि प्लंबर दारात येईपर्यंत वाळून गेलेली असते.

आमच्याच घरातली हकिकत आहे. दिवाळी होऊन महिना झाला होता. बेडरूमच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात पोपडे धरायला लागले. भिंतीपलीकडे बाथरूमचा लॉफ्ट आणि त्यावर १५ लिटरचा आडवा गिझर. पाऊस कधीच थांबलेला, त्यामुळे बाहेरून ओल यायचं कारण नव्हतं. प्लंबरने पहिल्या खेपेला सगळे जोड उघडून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळली. दुसऱ्या खेपेला दोन्ही कनेक्शन पाइप बदलले. पोपडे वाढतच राहिले. तिसऱ्या खेपेला "भिंत फोडून आतली लाइन बघू," असं ठरायला लागलं, तेव्हा मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. फोडलेली टाइल परत तशीच मिळत नाही, आणि गळती कुठे आहे हे कळायच्या आधी छिन्नी हातात घ्यायची नाही, हे माझं ठाम मत आहे.

गिझरचा एमसीबी बंद केला आणि सगळा भाग फडक्याने कोरडा केला. मग वर्तमानपत्राचे तीन तुकडे ठेवले : एक जोडांखाली, एक थंड पाणी आत जातं तिथल्या व्हॉल्व्हखाली, एक गिझरच्या पोटाखाली. वर्तमानपत्र यासाठी फार उपयोगी. थेंब वाळला तरी कागद चुरगळलेला राहतो, खूण पुसली जात नाही. सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन पाहायचं आणि वहीत वेळ लिहायची, एवढंच काम.

आठवडाभरात फक्त मधला कागद भिजला. जोडांखालचा कोरडा, पोटाखालचा कोरडा. पण वही वाचताना एक गोष्ट लक्षात आली. सोमवार ते शनिवार कागद जेमतेम ओलसर, आणि रविवारी चिंब. एक दिवस मुद्दाम गिझर लावलाच नाही, त्या दिवशी कागद कोरडा ठणठणीत.

याचं उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत नेलं, तर ते सुमारे दीड टक्क्याने वाढतं. १५ लिटरला हिशेब केला, तर सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी. गिझरची टाकी काठोकाठ भरलेली असते, मग हे जास्तीचं पाणी जाणार कुठे? आमच्या जुन्या गिझरला आत येणाऱ्या पाइपवर काहीच नव्हतं, त्यामुळे फुगलेलं पाणी गुपचूप मागे लाइनमध्ये सरकायचं. दिवाळीआधी नवा गिझर घेतला, त्याबरोबर सेफ्टी व्हॉल्व्ह आला. हा व्हॉल्व्ह पाणी आत सोडतो, मागे जाऊ देत नाही. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल, तर लाइनला साधारण एक बार दाब मिळतो. प्लंबर त्याला एक किलो म्हणतात. गिझर तापताना आतला दाब त्याच्या कितीतरी वर चढतो. बहुतेक घरगुती व्हॉल्व्ह आठ बारला उघडतात आणि बाजूच्या बारीक नळीतून जास्तीचं पाणी बाहेर टाकतात.

आता रविवार. इतर दिवशी गिझर लावला की दहा मिनिटांत कोणीतरी गरम नळ सोडतं आणि चढलेला दाब तिथल्या तिथे उतरतो. रविवारी सगळे उशिरा उठतात. दोन किलोवॉटचा गिझर वीस-बावीस मिनिटांत पूर्ण तापतो, तोवर नळाला कोणाचा हात लागत नाही. जास्तीचं सगळं पाणी व्हॉल्व्हमधून लॉफ्टवर आणि लॉफ्टवरून भिंतीत. जोड पक्के होते, पाइप चांगले होते, व्हॉल्व्ह आपलं काम चोख करत होता. बसवणाऱ्याने त्या नळीचं पाणी नहाणीच्या जाळीपर्यंत नेलं नव्हतं, एवढीच चूक. आम्ही एक पातळ नळी उताराने जाळीपर्यंत आणून सोडली. भिंत महिन्याभरात सुकली.

गिझरखालचं प्रत्येक पाणी असं निरुपद्रवी नसतं. थेंब गिझर बंद असतानाही पडत असतील आणि जोडावर पांढरट खर धरली असेल, तर जोड किंवा वॉशर गेला आहे. ते काम सोपं. पण पाणी पोटाखालून, बाहेरच्या आवरणाच्या फटीतून येत असेल, त्यात गंजाचा तांबूस रंग असेल आणि पाणी बंद केल्यावरही बराच वेळ ठिबकत असेल, तर आतली टाकी फुटली आहे आणि भोवतीचं फोमचं अस्तर भिजलं आहे. अशा गिझरवर खर्च करू नका. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड आत असतो. तो झिजण्यासाठीच असतो आणि संपण्याआधी बदलावा लागतो, हे गिझर विकताना सांगितलं जात नाही.

व्हॉल्व्हची नळी ठिबकते म्हणून ती बुजवून टाकणं, हे मात्र मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी अंगावर काटा आला आहे. थर्मोस्टॅट अडकला आणि त्यामागचा कटआउटही चालला नाही, तर बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या वर जातं, दाबामुळे उकळत मात्र नाही. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. त्या वेळी ती एक बारीक नळीच घर वाचवते.

तेव्हा हा अंक खाली ठेवलात की टॉर्च घेऊन गिझरखाली पाहा. व्हॉल्व्हच्या बाजूच्या नळीला एम-सील, बूच किंवा डमी लावलेली दिसली, तर ती निघेपर्यंत गिझर लावू नका.