खानदेशच्या वेशीवरील विहार

बौद्ध विहार म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. बर्फाची शिखरे, तृणहीन डोंगर, त्याच्या अंगास बिलगलेली पांढऱ्या भिंतींची घरे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका आणि तांबड्या वस्त्रांतील लामा, असे ते चित्र असते. ते खोटे नाही. स्पितीच्या खोऱ्यात जाणाऱ्यास ते आजही पाहावयास मिळते. परंतु स्पितीतील ताबोचा प्रसिद्ध विहार इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या सुमारे अकराशे वर्षे आधी खानदेशच्या दक्षिण वेशीवर, सातमाळ्याच्या डोंगरात, भिक्षूंची वसती होती. आणि तीही अशाच आडबाजूच्या दऱ्यांत होती. हिमालयाची वाट धरण्यापूर्वी खानदेशातील माणसाने या दऱ्या एकदा नीट पाहाव्यात. त्या पाहिल्या म्हणजे हिमालयातील विहारांचे मर्मही अधिक लवकर उमगते.

ते मर्म एका प्रश्नात आहे. संसार सोडून दूर जाऊ इच्छिणाऱ्या निष्कांचन माणसांसाठी एवढी मोठी घरे कोणी उभारली, आणि त्यांना तेथे कोणी पोसले?

नरडाण्याच्या स्थानकावर सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, म्हणजे अमळनेर व धरणगाव मागे टाकून ती जळगावास पोहोचते. वाटेत तापीकाठची काळी, सपाट जमीन लागते. कापसाच्या या मुलखात एकांत शोधावयाचा तरी कोठे, असे वाटावे इतका तो मोकळा आहे. जळगावाहून दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरांवर, पहूर व फर्दापूर ओलांडल्यावर, अजिंठ्याचा डोंगर समोर येतो. येथपर्यंत आले तरी लेणी दिसत नाहीत. वाघूर नदीच्या काठाने वळणे घेत आत शिरावे लागते. एका वळणानंतर दरी एकाएकी घोड्याच्या नालासारखी वाकते, आणि त्या नालाच्या आतल्या अंगास, काळ्या कातळात, एका ओळीने कोरलेली तीस लेणी दृष्टीस पडतात. दरीच्या माथ्याशी नदीचा प्रवाह कुंडांमागून कुंडांत उड्या घेत खाली येतो. पावसाळ्यात त्याचा घोष साऱ्या दरीत घुमतो. चैत्र-वैशाखात तेथे तापलेल्या दगडांखेरीज काही उरत नाही.

ही जागा भिक्षूंनी का निवडली असावी? बुद्धाच्या काळापासून भिक्षूंचे जीवन भ्रमंतीचे होते. गावोगाव फिरावे, भिक्षा मागावी, उपदेश करावा आणि पुढे जावे, हा त्यांचा क्रम. मात्र पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम होता. त्यास वर्षावास म्हणतात. या तीन महिन्यांच्या निवाऱ्यातूनच पुढे कायमचे विहार निर्माण झाले. विहाराची जागा कशी असावी, याविषयी विनयपिटकात एक व्यवहारी विचार आढळतो. राजा बिंबिसार बुद्धास वेळुवन अर्पण करतो, तेव्हा तो गावापासून फार दूर नाही व फार जवळही नाही अशी जागा शोधतो. दिवसा तेथे लोकांस सहज जाता-येता यावे, आणि रात्री तेथे गडबड नसावी.

या एका कसोटीने अजिंठ्याची दरी पाहावी. दरीच्या आत शिरले की बाहेरचा आवाज थांबतो; परंतु बाहेर पडले की उत्तरेस तापीचे सुपीक खोरे आणि दक्षिणेस पठारावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. प्रतिष्ठानाचा माल डोंगरातील घाट उतरून भडोचच्या बंदराकडे जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. बैलगाड्यांचे तांडे ज्या घाटांतून उतरत, त्यांच्याच आसपास हे विहार आहेत. तेव्हा भिक्षू रानात गेले हे जितके खरे, तितकेच ते रस्त्यापासून बेताच्या अंतरावर थांबले, हेही खरे. ते अंतर अगदी मोजून-मापून ठरविलेले होते.

अजिंठ्यास जाणारा प्रवासी बहुधा चित्रांसाठी जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु विहार म्हणून ती जागा समजून घ्यावयाची असेल, तर चित्रे नसलेल्या १२ व्या क्रमांकाच्या लेण्यात थोडा वेळ थांबावे. हा येथील जुन्या विहारांपैकी एक. मध्ये चौरस दालन आणि तीन बाजूंस चार-चार अशा बारा खोल्या. प्रत्येक खोलीत कातळातच कोरलेले दोन ओटे, आणि त्यांना दगडाचीच उशी. एवढाच भिक्षूचा संसार. भिंतीवर ब्राह्मी लिपीतील एक लेख आहे. हे दान घनामदद नावाच्या वाण्याने दिले, असे तो सांगतो. शेजारच्या १० व्या लेण्यातील चैत्यगृहाचे मुख वासिठीपुत कटहादी नामक गृहस्थाने दिले, असे त्यावरील लेखावरून कळते. त्यांचे चेहरे कसे होते, घरी कोण होते, हे सारे काळाने पुसून टाकले. त्यांनी दिलेली खोली व दरवाजा मात्र दोन हजार वर्षे उभे आहेत.

पाण्याकडेही असेच पाहावे. नदी उन्हाळ्यात आटते. मग शेकडो माणसांची तहान कशी भागत असेल? त्यासाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. १७ व्या लेण्याच्या शिलालेखात दात्याने लेण्याबरोबर गोड व थंड पाण्याच्या टाक्याचाही अभिमानाने उल्लेख केला आहे. ज्या पुण्यवंताने चित्रांनी भरलेले दालन करविले, त्यास पाण्याचे टाकेही तितकेच मोलाचे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अजिंठ्याचे दुसरे वैभव इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्या वेळी वाकाटक राजा हरिषेण राज्य करीत होता. त्याचा अमात्य वराहदेव याने १६ वे लेणे दिले, आणि बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने २६ वे. याच काळातील भिंतींवर जो गडद निळा रंग दिसतो, तो अफगाणिस्तानातील बदकशानच्या खाणींतून येणाऱ्या राजावर्त नावाच्या दगडापासून केलेला आहे. वाघूरच्या दरीत, जेथे आजही वळण ओलांडल्यावाचून काही दिसत नाही, तेथे हिंदुकुशापलीकडचा दगड पोहोचला होता. आडबाजूची म्हणून ओळखली जाणारी ही जागा जगापासून तुटलेली नव्हती, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

अजिंठ्याची कीर्ती जगभर गेली. पितळखोऱ्यास मात्र तिचा शतांशही लाभला नाही. नरडाण्याहून तेथे जावयाचे तर धुळे व चाळीसगाव मार्गे औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूस यावे लागते. हा सारा टापू १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. पठाराच्या कडेवरून पायऱ्यांनी दरीत उतरावे, म्हणजे ओढ्याच्या दोन्ही अंगांस मिळून चौदा लेणी आढळतात. बहुतेक इसवी सनापूर्वीच्या दोन शतकांतील. येथील कातळ अजिंठ्याइतका टणक नाही. त्यात पाणी झिरपते, आणि पावसाच्या माऱ्याने दर्शनी भाग ठिकठिकाणी ढासळले आहेत. तथापि जे उरले आहे ते थक्क करणारे आहे. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, आणि प्रवेशद्वाराशी भालाधारी द्वारपाल उभे आहेत.

येथील लेख तर एखाद्या गावाच्या वर्गणीच्या यादीप्रमाणे वाचावेत. तिसऱ्या लेण्यातील एक स्तंभ पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातील मितदेवाने दिला. चौथ्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचे व त्याच्या मुलाबाळांचे दान आहे. १९५० नंतरच्या दशकात मधुसूदन नरहर देशपांडे या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली येथील ढिगारे उपसण्यात आले, तेव्हा हसऱ्या, ठेंगण्या यक्षाची एक मूर्ती मिळाली. तिच्या हातावर लेख आहे : ही कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली. सोन्यावर काम करणाऱ्या हाताने दगडावर आपले नाव ठेवले. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वाणी, अत्तरविक्रे, वैद्य आणि सोनार, अशा संसारी माणसांनी संसार सोडलेल्यांसाठी हा डोंगर पोखरला. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

आता हिमालयाकडे वळावे. स्पितीचे खोरे समुद्रसपाटीपासून दहा-बारा हजार फुटांहून उंच. पश्चिमेकडून तेथे जाणारी कुंझुमची खिंड सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, व हिवाळ्यात ती बर्फाने बंद होते. सतलजेच्या काठाने किन्नौरमधून जाणारी दुसरी वाट वर्षातील अधिक काळ चालू राहते. पाऊस जवळजवळ नाही; म्हणून ताबोचा विहार कातळात न कोरता मातीच्या भिंतींनी बांधलेला आहे. बाहेरून तो एखाद्या गढीसारखा साधा दिसतो; आतल्या भिंती मात्र चित्रांनी व घडीव मूर्तींनी भरलेल्या आहेत. म्हणूनच त्यास हिमालयातील अजिंठा म्हणण्याची प्रथा पडली. ताबोच्या मागील टेकडीत भिक्षूंसाठी खोदलेल्या गुहाही आहेत, आणि त्या पाहताना खानदेशी माणसास घरची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही.

दगड व माती, पाऊस व बर्फ एवढा फरक असला, तरी दोन्हीकडील घडण एकच आहे. स्पितीत सातूचे पीक एकदाच येते. त्यातून गावकरी विहारास वाटा देत आले. आणि थोरल्या मुलाकडे घर व शेत ठेवून धाकट्यास विहारात पाठविण्याची तेथे चाल होती. विहाराने त्या गावांस सण, शिक्षण आणि मरणसमयीचा आधार दिला. १९७५ सालच्या जानेवारीत किन्नौर-स्पितीत मोठा भूकंप झाला, व ताबोसह अनेक विहारांस तडे गेले. तरी ते ओस पडले नाहीत, कारण गाव पाठीशी होते. ताबोच्या प्राकारात आजही पहाटे पाठ चालतो.

अजिंठ्यात नेमके हेच तुटले. हरिषेणाच्या मृत्यूनंतर राज्य डळमळले, आणि दाते पांगले. २४ वे लेणे फार मोठे व्हावयाचे होते; त्यातील खांब अर्धवट कोरलेल्या स्थितीत तसेच राहिले. त्यांच्यावरील छिन्नीचे घाव पाहिले की कारागीर दुपारच्या भाकरीस गेले आणि परतलेच नाहीत, असा भास होतो. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने डोंगरातील एका भव्य संघारामाचे वर्णन केले आहे. ते अजिंठ्याचे असावे असे बहुतेक विद्वान मानतात. त्यानंतर मात्र हळूहळू शांतता पसरली. विहार शत्रूने पाडला म्हणजेच मरतो असे नाही. त्यास अन्न देणारा हात थांबला, की तो आपोआप मरतो.

दात्यांच्या जागी पुढे पाहुणे आले, आणि त्यांनी काय दिले ते पाहण्यासारखे आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने दरीत आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १० व्या लेण्यातील स्तंभावर, चित्रावरच, आपले नाव व तारीख कोरून ठेवली. कटहादीनेही याच लेण्यावर नाव ठेवले होते. पण त्याने आधी काही दिले होते. पुढे रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतांशी नष्ट झाल्या. १९२० च्या सुमारास निजामाच्या राज्याने इटलीहून कुशल माणसे आणवून चित्रे सांभाळण्याचा प्रयत्न केला. त्यांनी सुटणारा गिलावा बसविला. परंतु वर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून रंगांवर चढले. सद्भावनेने केलेली सेवाही कधी कधी अशी भोवते.

आज चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. जोडे बाहेर ठेवावे लागतात, आणि छायाचित्रासाठी दिव्याचा झोत टाकण्यास मनाई आहे. पुष्कळांस हा जाच वाटतो. परंतु माणसांच्या श्वासाची वाफ गिलाव्यात शिरते, आणि हजारो लोकांच्या श्वासाने भिंत सैल होते, हे ध्यानी घेतले म्हणजे नियमाचा राग येणार नाही. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळा नुकताच सरल्यावर जावे. तेव्हा ओढे वाहते असतात आणि पायऱ्यांवरील शेवाळ वाळू लागलेले असते. पितळखोऱ्यास मात्र सोबतीवाचून जाऊ नये, आणि दिवस मावळण्यापूर्वी वर चढून यावे.

ताबोच्या विहारास त्याचे गाव आहे. वाघूरच्या दरीस आणि पितळखोऱ्यास आता तेथे येणाऱ्या पाहुण्यांखेरीज दुसरे गाव उरलेले नाही. घनामदद वाण्याने एक खोली दिली. आजच्या प्रवाशाकडून तेवढी अपेक्षा कोणी करीत नाही. भिंतीस हात न लावता, खांबावर नाव न कोरता, आणि सोबत आणलेल्या मुलास त्या दगडी ओट्यावर कोण निजत असे एवढे सांगून तो परत आला, तरी दात्यांच्या त्या जुन्या यादीत त्याचेही नाव, न कोरताच, लागेल.