नोटासंग्रह, स्वातंत्र्योत्तर भारतातील

चलनातून गेलेल्या वा विरळ झालेल्या कागदी नोटा जमविणे, त्यांचे प्रकार लावणे आणि त्यांचे मूल्य ठरविणे या व्यासंगास नोटासंग्रह म्हणतात. तो नाणकशास्त्राची शाखा मानला जात असला, तरी नाणे आणि नोट यांत मूलभूत भेद आहे. झिजलेल्या नाण्यास धातू म्हणून काही मोल उरते; नोटेच्या कागदास ते नसते. शिवाय मळलेली वा फाटलेली नोट बँकेकडे परत येते व नष्ट केली जाते. त्यामुळे नोटेचे वय हे तिच्या मूल्याचे फार कच्चे माप होय. तिच्या जातीच्या किती नोटा या नाशातून सुटल्या आणि कोणत्या स्थितीत सुटल्या, यावर ते मुख्यतः ठरते. सत्तांतराच्या काळात नोटांचे आराखडे, सह्या व मजकूर वरचेवर बदलत असल्याने नवस्वतंत्र देशाच्या पहिल्या नोटांचा अभ्यास विशेष फलदायी ठरतो.

१५ ऑगस्ट १९४७ नंतरही भारतात सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटाच चालू राहिल्या. चिं. द्वा. देशमुख हे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते. त्यांची सही असलेल्या नोटांवर ब्रिटिश राजाची प्रतिमा आणि भारतीय अधिकाऱ्याची स्वाक्षरी एकत्र आढळतात. फाळणीनंतरच्या व्यवस्थेनुसार ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक हीच पाकिस्तानचीही चलनसंस्था होती. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या भारतीय नोटांवर, जलचिन्हाच्या कोऱ्या जागेत वर इंग्रजीत व खाली उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ या अर्थाची अक्षरे घालून त्या १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चालविण्यात आल्या. सह्या मात्र भारतीय अधिकाऱ्यांच्याच राहिल्या. या नोटांना मोठी मागणी असल्याने साध्या नोटेवर बनावट अक्षरे उठविण्याचा मोह अनेकांना होतो. म्हणून अक्षरांचे वळण, जागा व शाई निःसंशय अस्सल नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय अशी नोट घेऊ नये.

राजाच्या चित्राऐवजी महात्मा गांधींचे चित्र घालावे असा विचार प्रथम झाला व तसे आराखडेही तयार करण्यात आले. परंतु अखेर सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष पसंत करण्यात आले. ते १९४९ मध्ये एक रुपयाच्या नोटेवर प्रथम आले. ही नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असल्याने तिच्यावर वित्तसचिव के. आर. के. मेनन यांची सही आहे व रक्कम देण्याचे वचन नाही. १९५० मध्ये दोन, पाच, दहा व शंभर रुपयांच्या नोटा निघाल्या. दहाच्या नोटेवरील शिडाचे जहाज सातत्यासाठी तसेच ठेवले गेले. १९५३ मध्ये हिंदी मजकुरास ठळक स्थान मिळाले आणि ‘रुपया’चे हिंदी अनेकवचन कोणते, हा वाद ‘रुपये’ या रूपाच्या बाजूने मिटला. त्यामुळे आरंभीच्या नोटेवर ‘दो रुपया’, तर नंतरच्या नोटेवर ‘दो रुपये’ असे वाचावयास मिळते. दोहोंवर बेनेगल रामा राव यांचीच सही असल्याने नवखा संग्राहक या दोन प्रकारांत गल्लत करतो. एका मात्रेने प्रकार बदलण्याचे असे उदाहरण विरळाच.

सह्यांवरूनही नोटांचे प्रकार पडतात. के. जी. आंबेगावकर १९५७ च्या आरंभी केवळ पंचेचाळीस दिवस गव्हर्नर होते व त्या नात्याने त्यांची सही एकाही नोटेवर नाही. ती शोधायची तर त्यांच्या वित्तसचिवपदाच्या काळातील एक रुपयाच्या नोटेवर शोधावी लागते. १९५४ मध्ये पुन्हा काढलेल्या एक हजार, पाच हजार व दहा हजार रुपयांच्या नोटा मुळात मोजक्या हातांत होत्या. जानेवारी १९७८ मध्ये त्या रद्द झाल्या आणि पैसे बुडू नयेत म्हणून बहुतेकांनी त्या परत केल्या. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे चित्र असलेली पाच हजारांची नोट त्यामुळेच आज दुर्मिळ आहे.

मुख्य मालिकेबाहेरच्या नोटांतही असेच घडले. इराणी आखातात भारतीय रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये तेथे वेगळ्या रंगांच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा देण्यात आल्या. हज यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या ‘एचए’ अक्षरांच्या नोटा होत्या. आखाती राज्यांनी आपापले चलन सुरू केल्यावर तेथील नोटा परत आल्या व थोड्याच उरल्या. मराठवाड्यात जुन्या पेट्यांतून सापडणाऱ्या निजामाच्या हाली नोटा हा आणखी एक वर्ग. तेथे १९५० मध्ये सात हाली रुपयांस सहा कलदार हा दर होता. हाली चलन १९५९ मध्ये रद्द झाले.

मूल्यांकनात स्थितीला सर्वाधिक वजन असते. घडी न पडलेली, कोपरे टोकदार व मूळचा करकरीतपणा असलेली नोट आणि तीच मळकी नोट यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर पडते. भारतीय नोटांना मात्र एक सवलत द्यावी लागते. नोटांची पुडकी तारेने टाचण्याची प्रथा २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंद करेपर्यंत बँकांत रूढ होती. परिणामी अगदी कोऱ्या नोटेसही डाव्या बाजूस भोके असतात व जाणते संग्राहक तो दोष क्षम्य मानतात. धुतलेली, इस्त्री केलेली वा चिकटपट्टीने जोडलेली नोट याउलट आपले मोल गमावून बसते. धुलाईने मळ जातो, पण छपाईचा उठाव व कागदाचा कडकपणाही जातो, आणि हे बोटांना लगेच कळते. तारकाचिन्हाच्या बदली नोटा या काळात शोधू नयेत. भारतात ती पद्धत २००६ मध्ये आली.

घरातील एका जुन्या नोटेचे लाखो रुपये मिळतील, या आमिषाने आगाऊ शुल्क उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. जाहिरातीतील मागणी ही किंमत नव्हे; त्याच प्रकारची, त्याच स्थितीची नोट लिलावात प्रत्यक्ष कितीस गेली, एवढाच आधार ग्राह्य धरावा. संग्राहकास कायद्याचेही भान हवे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व एक हजार रुपयांच्या नोटा अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठी एकूण पंचवीसपर्यंत, तर एरवी दहापर्यंतच बाळगता येतात, असे २०१७ चा कायदा सांगतो.