घाट चढणारे इंजिन : चिपळूणची पिकअप आणि इंजिनबदलाची विद्या

वाशिष्ठी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या चिपळूण शहरातून मालवाहू गाडीला बाहेर पडायचे झाले, तर बहुतेक दिशांना चढच लागतो. उत्तरेला मुंबईच्या वाटेवर परशुराम घाट आहे, दक्षिणेला सावर्डे-संगमेश्वरकडे जाताना कामथे घाट आहे, आणि बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळणारा कराडचा रस्ता कुंभार्ली घाटातून सह्याद्री ओलांडतो. आंबा, मासळी, जांभा चिरा आणि देशावरून उतरणारी भाजी यांचा मोठा भार या रस्त्यांवर पिकअप वाहते. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या या गाडीची चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा पोलादी सांगाडा, वर्षानुवर्षे टिकते. इंजिन मात्र त्याआधी थकते. चासी धड आणि इंजिन निकामी अशा अवस्थेतील गाडीत दुसरे, प्रसंगी वेगळ्याच घराण्याचे इंजिन बसवण्याच्या कामाला इंजिनबदल म्हणतात, आणि ते करणाऱ्या कारागिराला यंत्रशास्त्राची जी समज लागते तिची नोंद मराठीत फारशी झालेली नाही.

या कामाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील पीटरबरो येथे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीचा आरंभीचा बराचसा व्यवसाय पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत आपले डिझेल इंजिन बसवून देण्यावर उभा राहिला. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे या जीपमध्ये आलेले हरिकेन नावाचे २,१९९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मजबूत होते, परंतु १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव असे चढले की जीपमालकांची नजर डिझेलकडे वळली. त्यानंतर महिंद्रच्या गाड्यांत डिझेल इंजिनांची दोन वेगवेगळी घराणी आली. एक घराणे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार झालेले, आणि दुसरे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टरपासून उतरलेले.

या दोहोंतील फरक नीट पाहण्यासारखा आहे, कारण कोणते इंजिन कोणत्या गाडीत शोभेल हे त्यावरून ठरते. प्यूजोच्या ‘एक्सडीपी ४.९०’ या नावातच चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर व्यास ही माहिती आहे. त्यात पिस्टनच्या वर-खाली होण्याचे अंतर, म्हणजे स्ट्रोक, ८३ मिलिमीटर असून क्षमता २,११२ घन सेंटिमीटर भरते. त्याच्या उलट महिंद्रच्या डीआय इंजिनात व्यास ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर आहे, म्हणजे अनुक्रमे साडेतीन आणि बरोबर चार इंच, आणि क्षमता २,५२३ घन सेंटिमीटर आहे. इंचांतील ही मापे ट्रॅक्टरच्या वंशाची खूण आहेत. लांब स्ट्रोकमुळे क्रँकला मिळणारी तरफ मोठी होते, त्यामुळे कमी फेऱ्यांतही ओढ, म्हणजे टॉर्क, भरपूर मिळते. शिवाय प्यूजोच्या जुन्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या उपकक्षात पेटते आणि मग सिलिंडरमध्ये शिरते, तर डीआयमध्ये ते थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते. त्यामुळे उष्णता कमी वाया जाते आणि डिझेल वाचते. प्यूजो इंजिन अधिक शांत चालते आणि वेगाने फिरते, हे मान्य करूनही, भरलेल्या हौद्यासह कुंभार्लीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीसाठी डीआयच अधिक योग्य होय.

इंजिन उतरवणे आणि चेन-पुलीने नवे इंजिन चासीवर टांगणे हा या कामाचा दिसणारा भाग झाला. खरी परीक्षा इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या सांध्यावर होते. इंजिनाच्या मागचे फ्लायव्हील आणि क्लच ज्या ओतीव कवचात बसतात त्याला बेल हाउसिंग म्हणतात. दोन घराण्यांच्या इंजिनांत त्याच्या बोल्टांची ठेवण वेगळी असल्याने मध्ये लेथवर घडवलेली जाड पोलादी प्लेट घालावी लागते. या प्लेटने क्रँकचा अक्ष आणि गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा अक्ष अगदी एका रेषेत आणला पाहिजे. कारागीर याला सेंटर मिळणे म्हणतात. केसाएवढा फरक राहिला, तरी क्लच प्लेट अकाली झिजते आणि गिअर बॉक्सचे पुढचे बेअरिंग आवाज करू लागते. क्लच प्लेटच्या मध्यभागी असलेल्या खाचा गिअर बॉक्सच्या शाफ्टशी जुळाव्या लागतात, आणि इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसते ती फाउंडेशने चासीवर नव्या जागी वेल्ड करताना मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडू नये याचे भान ठेवावे लागते. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले असेल, तर इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा खाली येते, त्यामुळे डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियनच्या दातांचे प्रमाण न बदलल्यास सपाटीवरचा वेग मंदावतो. डिझेल इंजिनाचे जादा वजन पुढच्या पाट्यांवर येते, आणि जुना रेडिएटर पुरेसा नसेल तर ऐन घाटात पाणी उकळते.

यांतही एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जिवावर बेतू शकते. पेट्रोल इंजिनाच्या हवा ओढण्याच्या नळीत हवा अडवणाऱ्या झडपेमुळे निर्वात तयार होतो आणि ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर त्याच निर्वातावर चालतो. डिझेल इंजिनाला तशी झडप नसल्याने तिथे हा निर्वात मिळत नाही, म्हणून बहुधा अल्टरनेटरला जोडलेला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बूस्टर असलेल्या गाडीत हा पंप बसवायचा राहिला किंवा त्याची नळी नीट जोडली गेली नाही, तर कराडच्या रस्त्यावरील पाटणच्या बाजूने माल भरून कुंभार्ली घाट उतरणाऱ्या चालकाचा ब्रेक लाकडासारखा कडक लागतो. इंजिनबदलाच्या गुणवत्तेची पहिली कसोटी गाडी चढ कशी चढते ही नसून उतार कसा उतरते हीच असली पाहिजे.

चिपळूणमध्ये या विद्येचा संबंध पुराशीही आहे. २६ जुलै २००५ नंतर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात शिरले, बाजारपेठेतील तळमजले बुडाले आणि रस्त्यांवरच्या असंख्य गाड्या गाळाने भरल्या. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर न मारताही गाडी काही दिवस तशीच राहिली, तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, म्हणजे बोअरला, गंज चढून पिस्टनच्या रिंगा चिकटतात. अशा वेळी हेड, पंप आणि स्टार्टर वगळून ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन एवढाच संच, ज्याला बाजारात हाफ इंजिन म्हणतात, आणून बसवणे अनेकदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जुन्या मालवाहू गाडीचा मालक ते क्वचितच घेतो, आणि सगळा खर्च त्याच्याच खिशातून होतो.

इंजिनबदलाच्या बाबतीत कायद्याची भूमिका कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच अर्थ निश्चित केला. त्याच जातीचे इंजिन नोंदणी प्राधिकरणाच्या मान्यतेने बदलता येते आणि त्याचा नवा क्रमांक प्रमाणपत्रात चढवावा लागतो. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याचीही वाट खुली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून मोठा धोका अपघातानंतर उभा राहतो, कारण प्रमाणपत्रातील आणि गाडीवरील इंजिन क्रमांक जुळला नाही तर विमा कंपनीला दावा नाकारण्याचे निमित्त मिळते.

या तरतुदींमुळे एका घराण्याच्या जागी दुसऱ्या घराण्याचे इंजिन बसवण्याची जुनी रीत आता मागे पडणे अटळ आहे, आणि सार्वजनिक रस्त्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांत इंजिन, संवेदक, धूर गाळणारी यंत्रणा आणि नियंत्रक संगणक एकमेकांशी असे बांधलेले असतात की अनोळखी इंजिन त्यांच्याशी जुळवणे गल्लीतल्या गॅरेजच्या आवाक्याबाहेरचे आहे. तरीही सेंटर मिळवणे, क्राउन-पिनियनचे प्रमाण ओळखणे, व्हॅक्यूमची वाट शोधणे ही समज त्याच जातीचे इंजिन बसवतानाही लागते आणि विजेच्या मोटारीचा मान्य संच जुन्या चासीवर चढवतानाही लागेल. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात या जुन्या कारागिरांना शिकवण्यासाठी बोलवावे, आणि परिवहन विभागाने पूरग्रस्त तालुक्यांत इंजिन क्रमांकाच्या नोंदीसाठी शिबिरे भरवावीत. पिकअपमालकांनी इंजिन विकत घेताना पक्की पावती घ्यावी, आणि गाडी घाटात नेण्याआधी नवा क्रमांक प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा.