वाहते बोये आणि आपला समुद्र

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाने मुंबईनजीकच्या समुद्रात ‘पी-३०५’ बार्ज आणि ‘वरप्रदा’ नौका बुडविली, तेव्हा सत्तरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अशा वादळाचे बळ तापलेल्या पाण्यातून येते. सागरपृष्ठाचे तपमान सुमारे साडेसव्वीस अंशांवर गेल्याखेरीज ते सहसा जन्मासच येत नाही. आणि पाण्यात पडलेल्या जिवांचा शोध कोठे घ्यावयाचा, हे प्रवाह कोणीकडे वाहत आहे यावर ठरते. समुद्राचा ताप आणि समुद्राची ओढ मोजणे हा केवळ पंडितांचा विषय नव्हे, तो यासाठी.

हे मोजमाप करणारे साधन अगदी साधे आहे. फुटबॉलहून थोडा मोठा एक गोळा, त्यात तपमापक, आणि खाली पंधरा मीटर खोलीवर लोंबणारी भोकाभोकांची लांब कापडी नळी. नळीमुळे बोया वाऱ्याने न ढकलला जाता पाण्याबरोबर जातो आणि आपले ठिकाण उपग्रहास कळवीत राहतो. उपग्रह असता बोये कशाला, असे कोणी विचारील. परंतु अवरक्त किरणांनी तपमान टिपणाऱ्या उपग्रहांना ढगांपलीकडचे दिसत नाही, आणि आपल्याकडे ऐन पावसाळ्यात आकाश असते ते ढगांचेच! शिवाय उपग्रहाचे माप खरे की खोटे, हे पाण्यातल्या मापाशी ताडूनच ठरते.

अडचण एकच. वाहणारा बोया एका जागी राहत नाही आणि त्याचे आयुष्यही थोडे. १२५० बोयांचे जागतिक जाळे २००५ मध्ये पुरे झाले खरे, पण ते पुनःपुन्हा पेरावे लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह तर पावसाळ्यात दक्षिणेस आणि हिवाळ्यात उत्तरेस वाहतो. एका ऋतूची नोंद दुसऱ्यास उपयोगी पडत नाही.

या जाळ्याचा मोठा भार अमेरिकेच्या तिजोरीवर आहे. परक्या देशाच्या अंदाजपत्रकात काटछाट झाली की आपल्या समुद्राची नोंद विरळ व्हावी, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० नंतरच्या दशकात असे बोये हिंदी महासागरात सोडले होते. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्रही १९९९ पासून आहे. उणीव ज्ञानाची नाही, सातत्याची आहे. मुंबई आणि न्हावाशेव्याहून रोज जहाजे सुटतात. बोया धावत्या जहाजावरून टाकता येतो, त्यासाठी थांबावेही लागत नाही. प्रत्येक मोसमाच्या आरंभी या जहाजांबरोबर काही बोये देण्याची कायमची तरतूद केंद्र सरकारने करावी, आणि जाळ्यात सापडलेला बोया पुन्हा पाण्यात सोडण्याविषयी मच्छीमार सोसायट्यांना मराठीत समजावून सांगावे.